पातीएवढी फट

बसा. स्टूल असेल तर स्टुलावर, नाहीतर जिन्याच्या पायरीवर.

खोपटमधलं एक जुनं आवार आहे. रविवारची सकाळ. ऊन अजून भिंतीच्या वरच्या भागावरच आहे.

एसटी स्थानकातून एक बस बाहेर पडते. वळते. गिअर बदलते. तिचा आवाज येऊ द्या. आता तो जाऊ द्या.

सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने वारा येतो. त्यात थोडा ओलावा आहे. तो गालाला लागू द्या.

खांदे सैल सोडा.

समोर ताडपत्रीखाली एक गाडी उभी आहे. ताडपत्री इतक्यात काढू नका. नुसता आकार पाहा. पुढचा उतार. टपाची गोलाई. मागे किंचित वर आलेले दोन कोपरे.

श्वास आत घ्या. श्वास सोडा.

घाई नाही. ही गाडी खूप दिवस उभी आहे. अजून थोडा वेळ ती थांबेल.

आता ताडपत्रीचं एक टोक धरा. हळूच मागे घ्या.

प्रीमियर पद्मिनी.

पाहा. फक्त पाहा.

बंपरवरचा क्रोम कुठे चमकतो, कुठे काळवंडलेला आहे. काचेच्या रबराला भेगा पडल्या आहेत. पुढच्या मडगार्डच्या कडेला रंगाचे पोपडे सुटले आहेत. एक टायर बसला आहे, म्हणून गाडी एका अंगाला झुकलेली दिसते.

यातलं काही आत्ताच दुरुस्त करायचं नाही. आत्ता नुसतं बघायचं आहे.

श्वास आत. श्वास बाहेर.

ही गाडी कुठून आली, तिकडे मन जाऊ द्या.

फार लांब नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. या कंपनीचा कुर्ल्याचा कारखाना लाल बहादूर शास्त्री मार्गावर होता. तोच जुना आग्रा रस्ता घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड मागे टाकत ठाण्यात येतो आणि इथून, खोपटवरून, पुढे जातो.

म्हणजे ही गाडी ज्या रस्त्याच्या काठी जन्मली, त्याच रस्त्याच्या काठी आज उभी आहे.

प्रीमियरचा दुसरा कारखाना कल्याण-शिळ रस्त्यावर, डोंबिवलीच्या बाजूला होता. सकाळची पाळी धरायला निघालेली माणसं मनात आणा. हातात डबे. अंगावर कामाचे कपडे. त्यांचे चेहरे दिसणार नाहीत. त्यांचे हात मात्र या पत्र्यात आहेत.

१९६४ हे साल मनात धरा.

अमेरिकेत त्या वर्षी पाँटिॲक जीटीओ रस्त्यावर येते. तब्बल ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन. अशा दणकट गाड्यांना पुढे मसल कार म्हणू लागतात. लोक त्या घरच्या गॅरेजमध्ये उघडतात, जुळवतात, वर्षानुवर्षं सांभाळतात.

त्याच वर्षी कुर्ल्यातून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडते. १०८९ सीसीचं इंजिन. साधारण ४० अश्वशक्ती. चार सिलिंडर. दहा वर्षांनी, १९७४ मध्ये, तिला चितोडच्या राणीचं नाव मिळतं.

तिचं बळ थोडं. तेवढ्या बळावर ती माणसांनी भरलेला कसारा घाट चढते. गणपतीला कोकणात जाते. काळी-पिवळी होऊन मुंबईभर फिरते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत पुरी करून थांबते.

रस्त्यावरून ती गेली. आवारात अजून आहे.

इथे या. परत इथे या.

तळहात मडगार्डवर ठेवा.

पत्रा गार आहे. हात दाबू नका. नुसता ठेवा. थोड्या वेळाने हाताची ऊब पत्र्यात जाते, आणि हात कुठे संपतो, पत्रा कुठे सुरू होतो, हे तितकंसं कळत नाही.

आता हात हळू सरकवा. डोळे मिटले तरी चालतील.

गुळगुळीत. गुळगुळीत. इथे एक उंचवटा. इथे खोलगट. इथे बोटाखाली काहीतरी कुरकुरतं.

थांबा.

तो गंज आहे.

ठाण्याला खाडी आहे, तलाव आहेत, चार महिने पाऊस आहे. ओल पत्र्याला सोडत नाही. दाराच्या खालच्या कडेला पाणी साठतं. पायाखालच्या मॅटमध्ये ते मुरतं, आणि तिच्या आड पत्रा मूकपणे विरत जातो. वरून रंग तसाच दिसतो.

गंजावर रागावू नका. तो फक्त हवेचं आणि पाण्याचं काम करतो आहे. बघा त्याच्याकडे. विटकरी, भुसभुशीत, पदर सुटलेला.

आता वॉटर पेपरचा एक तुकडा घ्या. तो पाण्यात बुडवा. लाकडी ठोकळ्याला गुंडाळा.

घासा. हलकेच. पुढे, मागे. पुढे, मागे.

पाण्यात रंग उतरतो. आधी पांढरा. त्याच्याखाली आकाशी. त्याच्याखाली तांबूस प्रायमर. आणि मग, नखाएवढ्या जागेत, पत्रा. करडा, स्वच्छ, ओला.

त्या नखाएवढ्या जागेकडे पाहत राहा.

कुणीतरी तो पांढरा रंग दिला, तेव्हा त्याला ती गाडी नवी वाटली असेल. कुणीतरी आकाशी निवडला, तेव्हा घरात चर्चा झाली असेल. तुमचा हात त्या सगळ्यांमधून खाली आला आहे.

श्वास आत. श्वास बाहेर.

जिथे पत्रा उरलेलाच नाही, तिथे कापावं लागेल. नवा तुकडा बेतावा लागेल. वेल्डिंग, मग ठोकाठोकी, मग लांबी, मग पुन्हा घासणं. लांबीचा थर पातळ हवा. भोक नुसत्या लांबीने बुजवलं, तर आतली ओल आतच राहते आणि एका पावसाळ्यात तोच फुगवटा परत वर येतो.

भरायचं ते पत्र्याने भरायचं. सावकाश भरायचं.

हात पुसा. थोडं पाणी प्या.

आता गाडीच्या समोर उभे राहा, आणि एक प्रश्न मनात येऊ द्या. उत्तर शोधू नका. नुसता येऊ द्या.

हिला होती तशी करायची, की होती त्याहून चांगली?

दोन्ही हवंसं वाटेल. वाटू द्या.

जुन्या डायनॅमोच्या जागी आल्टरनेटर बसतो, म्हणजे रात्री दिवे मंद होत नाहीत. प्लॅटिनम पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसतं, म्हणजे पावसाळी सकाळी गाडी पटकन उठते. रेडियल टायर रस्ता घट्ट धरतात. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावले, तर आजच्या घोडबंदर रोडवर ती वेळेत थांबते. सीटबेल्ट तर हवेतच. मागच्या सीटवर कुणाचं तरी मूल बसणार आहे.

हे सगळं मायेपोटीच आहे.

आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तो गिअर आहे. पुढची सलग सीट आहे, तिघांनी खेटून बसायची. ते गोल, बारीक स्टिअरिंग आहे. त्यांना हात लावा. त्यांना जरा वेळ द्या.

कायदाही इथे थोडा थबकतो. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. मात्र ती मूळ रूपात जपलेली हवी. चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. मग ती रोजच्या वापराची राहत नाही. प्रदर्शनात, रॅलीत जाते. रोज फिरवायची गाडी असेल, तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन नोंदणीचं नूतनीकरण करायचं.

दोन वाटा आहेत. दोन्ही खऱ्या आहेत. तुमची कोणती, हे आज ठरलं नाही तरी चालेल.

प्रश्न तसाच राहू द्या. आपण आत जाऊ.

बॉनेट उघडा.

वास येऊ द्या. जुनं ऑइल. रबर. पेट्रोलची पुसट आठवण. धूळ.

इंजिन थंड आहे. त्याला थंडच असू द्या. आज जे पाहायचं आहे, ते थंड इंजिनातच दिसतं.

बॅटरीची तार सोडवा. चारही प्लग काढा. टॅपेट कव्हरचे नट ढिले करा. कव्हर सरळ वर उचला. कॉर्कचं पॅकिंग थोडं चिकटेल. ओढू नका. सुटेल ते.

आता पाहा.

एका दांड्यावर ओळीने बसलेले आठ रॉकर. ऑइलने ओले. प्रत्येकाच्या एका टोकाला खालून पुशरॉड येतो. दुसरं टोक व्हॉल्व्हच्या माथ्यावर. चार व्हॉल्व्ह आत घेण्यासाठी. चार बाहेर सोडण्यासाठी.

गाडीही श्वास घेते. आत. बाहेर.

तुम्हीही घ्या. आत. बाहेर.

आता पहिल्या सिलिंडरपाशी या. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका, आणि खांदा लावून अगदी किंचित पुढे ढकला.

प्लग काढलेले आहेत, म्हणून इंजिन अडत नाही. सुस्कारा टाकत फिरतं.

डोळे चौथ्या सिलिंडरच्या रॉकरवर ठेवा. एक वर येतो आहे, दुसरा खाली जायला लागला आहे. दोघं एकमेकांना ओलांडताहेत. तिथेच थांबा. गाडी तिथेच थांबवा. चाकामागे लाकडी ठोकळा सरकवा.

या क्षणी पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आहेत. त्यांच्यावर कुणाचाच दाब नाही.

त्यांच्या रॉकरला दोन बोटांनी धरा. वर-खाली हलवा.

टिक.

ऐकलंत? पुन्हा हलवा.

टिक.

रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये एक फट आहे. डोळ्याला ती जेमतेम दिसते. बोटाला कळते. कानाला कळते.

या फटीपाशी बसा. आजच्या सकाळचं सगळं काम एवढंच आहे. या फटीपाशी बसायचं.

ती कुणी चुकून ठेवलेली नाही. झिजेमुळे पडलेलीही नाही. ती मोजून ठेवलेली आहे.

इंजिन चालू झालं की व्हॉल्व्ह तापतो. बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह तर लालबुंद होण्याइतका तापतो. तापलं की लोखंड वाढतं. व्हॉल्व्हही लांब होतो, अगदी थोडासा. त्या वाढीला जागा हवी.

जागा नसेल, तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. मिटला की तो आपली बहुतेक उष्णता, ज्यावर टेकतो त्या धातूच्या सीटला देऊन निवतो. मिटलाच नाही, तर निवतही नाही. कडेने आगीची झळ निसटत राहते आणि हळूहळू ती कड जळून जाते.

आणि जागा फार झाली, तर रॉकर प्रत्येक फेरीला आपटतो. टॅपेट वाजू लागतात. व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, इंजिनाला श्वास अपुरा पडतो, आणि चढावर गाडी दमते.

फार कमी नको. फार जास्त नको.

श्वास आत. थोडं थांबा. श्वास बाहेर. थोडं थांबा.

आत आणि बाहेर यांच्यामध्येही एक बारीकशी जागा आहे. ती ताणू नका. मोजू नका. ती आहे, एवढं जाणवू द्या.

आता फिलर गेज घ्या.

पोलादी पात्यांची एक जुडी. प्रत्येक पातीवर तिची जाडी कोरलेली. मिलिमीटरचे बारीक अंश. गाडीच्या पुस्तकात सांगितलेली पाती निवडा. बाकीच्या मिटवा.

ती एकटी पाती उजेडात धरा. पातळ. वाकणारी. कडेवर ऑइलचा एक थेंब.

ती फटीत सरकवा.

जोर नको. वाट असेल तर ती जाईल.

आता मागे ओढा. हळू.

काय जाणवतं?

काहीच नाही, तर फट मोठी आहे. पाती अडकली, तर फट लहान आहे. आणि या दोहोंच्या मध्ये एक स्पर्श आहे. मिटलेल्या वहीतून कागदाचा कपटा ओढताना बोटांना लागतो, तसा. पाती येते, पण धरून धरून येते.

तो स्पर्श शोधा.

लॉक नट ढिला करा. स्क्रू किंचित फिरवा. पाती ओढा. अजून किंचित. पाती ओढा. आता पाना लावून नट कसा.

पुन्हा पाती ओढा. कसताना स्क्रू जरासा सरकतो आणि फट बदलते. बदलली असेल, तर पुन्हा ढिला करा. यात हरण्यासारखं काही नाही. हे असंच असतं. पुन्हा ढिला करा, पुन्हा फिरवा, पुन्हा कसा.

मन इकडे-तिकडे जाईल. रंग कोणता द्यायचा, किती खर्च येईल, जागेवरून सोसायटी काय म्हणेल. जाऊ द्या त्याला. ते परत येईल. बोटं पातीवरच असू द्या.

झालं? दुसरा व्हॉल्व्हही तसाच करा.

आता ठोकळा काढा. गाडी पुन्हा ढकला. साधारण वीतभर. तेवढ्यात इंजिन अर्धी फेरी फिरतं.

पहिल्यानंतर तिसरा. मग चौथा. मग दुसरा. सिलिंडर ज्या क्रमाने पेटतात, त्याच क्रमाने. प्रत्येकापाशी वीतभर पुढे. प्रत्येकापाशी दोन व्हॉल्व्ह. प्रत्येकापाशी तोच स्पर्श.

तीन विती चाललात, की आठही रॉकर झाले.

इथे जरा टेका. पाठ सरळ करा. हाताला लागलेलं ऑइल पाहा. ते नखांच्या कडेला बसलं आहे. असू द्या.

आजच्या पुष्कळ गाड्यांमध्ये ही फट कुणाला मोजावी लागत नाही. ऑइलच्या दाबाने ती आपोआप सांभाळली जाते. ते चांगलंच आहे. पद्मिनीला मात्र माणसाचं बोट लागतं.

मघाचा प्रश्न आठवतो? होती तशी, की होती त्याहून चांगली?

आता त्याच्याकडे पुन्हा पाहा. बोटांत अजून तो स्पर्श आहे, तेवढ्यात पाहा.

गंजलेली भोकं भरायची आहेत. ब्रेक बळकट करायचे आहेत. दिवे उजळायचे आहेत. यांत कसूर करायची नाही. त्याच वेळी काही जागा अशा आहेत, ज्या बुजवल्या की गाडी संपते. गाडीला वाढायला, तापायला, निवायला लागते ती जागा. आणि तुमच्या हाताला लागते ती जागा, जिथे दर काही महिन्यांनी वाकून तिची विचारपूस करावी लागते.

नवा भाग निवडताना हे एकच मनाला विचारा. याने गाडी सुरक्षित होईल का? आणि याच्यानंतरही माझ्या हाताला तिच्याजवळ काही काम उरेल का?

उत्तर येईपर्यंत थांबा. ते प्रत्येक नटापाशी वेगळं येईल.

आता कव्हर परत बसवा. पॅकिंग नीट बसलं आहे ना, कडेवरून बोट फिरवून पाहा. प्लग लावा. बॅटरीची तार जोडा. गिअर न्यूट्रलला आणा.

चोक ओढा. चावी फिरवा.

पहिल्यांदा नुसतं घुरघुरतं. पेट्रोल अजून कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचतं आहे. थांबा. पुन्हा फिरवा.

लागलं.

काही करू नका. ॲक्सिलरेटर दाबू नका. ऐका.

थंड इंजिनात टॅपेटचा बारीक आवाज असतो. टिक टिक टिक टिक. मिनिटाला ८०० फेऱ्या असतील, तर प्रत्येक व्हॉल्व्ह तेवढ्या वेळात ४०० वेळा उघडतो आणि मिटतो. आठही व्हॉल्व्ह. प्रत्येकाच्या माथ्यावर तुम्ही ठेवलेली फट.

आवाजाच्या मागे जा. तो एकसारखा आहे का? एखादा ठोका वेगळा पडतो आहे का? ओळखायची घाई नको. फक्त ऐका.

इंजिन तापत जातं. चोक थोडा आत ढकला. आवाज बदलतो. कडा मऊ होतात. लोखंड वाढतं आहे, आणि त्याला जागा मिळते आहे.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता एक गोष्ट, जी या गाडीबरोबर राहणाऱ्या प्रत्येकाला लक्षात ठेवावी लागते. आजची फट कायमची नाही. इंजिन उघडून नवं पॅकिंग घातलं असेल, तर काहीशे किलोमीटरनंतर हेडचे नट पुन्हा कसावे लागतात, आणि ते कसले की फट बदलते. पुढेही माथे झिजतात, सीटा बसत जातात. कव्हर पुन्हा काढावं लागतं. गाडी पुन्हा विती-वितीने ढकलावी लागते.

म्हणून काम पुरं झालं असं मानू नका. तारीख आणि किलोमीटर एका वहीत लिहा. ती वही आणि फिलर गेज गाडीतच ठेवा.

आणि पुढच्या वेळी बॉनेट उघडाल, तेव्हा आवारातलं एखादं पोर शेजारी येऊन उभं राहील. ते विचारेल, काय करताय? त्याला व्हॉल्व्ह, उष्णता, लोखंड यातलं आधी काही सांगू नका. पाती त्याच्या बोटांत द्या, फटीत सरकवायला लावा, आणि म्हणा, ओढ, हळू ओढ. किती धरून यायला हवी, ते त्याच्या बोटांना कळेपर्यंत थांबा. मग नट त्यालाच कसू द्या.